सातू विकला माल्ट म्हणून, वर अबकारी खात्याचं मराठी पत्र

एकवीस हजार पाचशे नव्वद रुपये. घरी बिअर करायच्या नादात एवढ्याला फसलो, आकडा आधीच सांगून टाकतो. किटचे ११,८५०, ‘घरगुती ब्रुइंग परवान्या’चे २,५००, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) ‘कस्टम ड्यूटी’चे १,७४० आणि दोन मित्रांसाठी मागवलेल्या पंचवीस किलो माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) पोत्याचे ५,५००. मित्रांचे पैसे मी खिशातून भागवले, म्हणजे सगळा खड्डा माझाच. बायकोला अजून फक्त ११,८५० माहीत आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडं चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात घरी बिअर करून बघायची हौस असलेली मंडळी बरीच आहेत. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी अडकलो, त्यात आपल्याच भागातले कितीतरी लोक होते. हसायचं तर हसा, पण वाचा.

फसवणाऱ्यांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. आधी थोडं खरं द्यायचं, मग मोठं खोटं. मला आधी दोन किलो माल्टचा नमुना आला, ६४० रुपयांना. (ते पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, कारण तो माल खरा होता.) दाणा दाताखाली धरला की कुरकुरीत फुटायचा, गोडसर लागायचा, वास बिस्किटाच्या भट्टीचा. आता मला सांगा, नमुना इतका अस्सल आल्यावर कुठला माणूस संशय घेईल? ‘आधी थोडं मागवून बघावं’ हा सल्ला सगळेच देतात. मी तो तंतोतंत पाळला आणि त्यातच गेलो. नमुना बरोबर आला तर एवढंच कळतं की समोरच्याला खरा माल कसा असतो ते माहीत आहे. त्याहून जास्त काही नाही.

आणि मी अगदीच कोरा नव्हतो. बेंगळुरूला नोकरीत असताना मायक्रोब्रुअरीची चटक लागली, तिथल्या ओळखीच्या एका माणसाबरोबर राहून काम बघितलं होतं. पिशवीत माल्ट भिजवून बिअर करायची ही रीत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केली. त्यात तीन-तीन भांड्यांचा पसारा लागत नाही. एकच मोठं भांडं घ्यायचं, आत जाळीदार कापडाची पिशवी लावायची आणि सगळं पाणी एकदाच घ्यायचं. वीस लिटर बिअरसाठी साधारण पाच किलो भरडलेला माल्ट आणि तीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवलं की माल्टमधली एन्झाइमं स्टार्चची साखर करतात. मग पिशवी उचलून निथळायची, उरलेलं गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट टाकायचं. हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळं ‘अडाणी होता म्हणून फसला’ असं कुणी म्हणू नये. मी फसलो ते सरकारी शिक्क्याला.

ते पत्र. त्याच्यावर थांबतोच, कारण अजून रात्री आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

घरी बिअर करायला परवानगी लागते हे मला माहीत होतं, म्हणून तर मी आधी विचारलं. विक्रेता म्हणाला, “सर, टेन्शनच नाही, आम्ही परवाना काढून देतो. स्वतःच्या वापरासाठी वीस लिटर.” २,५०० भरले. दुसऱ्या दिवशी पीडीएफ हजर. वर तीन सिंहांची मुद्रा, ‘कर्नाटक सरकार, अबकारी खाते’, खाली गोल शिक्का, सही, क्रमांक. आणि मजकूर मराठीत! शुद्ध, वळणदार, पुणेरी मराठीत. “आपणास कळविण्यात आनंद होतो की…”

आहो, बेळगावात जन्म गेला माझा. जमिनीच्या उताऱ्यापासून पाणीपट्टीच्या बिलापर्यंत सगळे कागद कन्नडमधून वाचून घ्यायला शेजाऱ्याला हाक मारत आलोय. मराठीत कागदपत्रं द्या म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीनं मोर्चे काढले, निवेदनं दिली, केसेस अंगावर घेतल्या. आणि त्याच सरकारच्या अबकारी खात्याला अचानक मला मराठीत कळवताना आनंद होतोय? एक कन्नड अक्षर नाही अख्ख्या पत्रावर. एक नाही! तिथंच फोन ठेवायला हवा होता. पण मी काय केलं? मी भारावलो. मित्राला फॉरवर्ड केलं, खाली लिहिलं, “बघ, दिवस बदलले.” त्यानं अंगठा पाठवला. त्यालाही काही खटकलं नाही, हे मुद्दाम सांगतो. इतक्या वर्षांची तहान असलेल्या माणसापुढं कुणी पाणी धरलं तर तो गाळून बघत बसत नाही. त्या चोरानं हे बरोबर ओळखलं होतं. हा माणूस आपल्याच भागातला असणार. बाहेरच्याला ही नस सापडणार नाही.

तेव्हा लक्षात ठेवा: असला परवाना नसतो. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ सालचा आहे, त्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या लेखी बिअर म्हणजे दारूच. चंदगडला काकांच्या शेतघरात करू म्हणाल, तर तिकडं १९४९ चा दारूबंदी कायदा वाट बघतोय.

‘कस्टम ड्यूटी’ची गोष्ट लवकर उरकतो. हॉप्स परदेशी आहेत, पार्सल अडकलंय, १,७४० भरा. भरले. आलं काय, तर साध्या झिपच्या पिशवीत हिरवट भुकटी. खऱ्या हॉप्सच्या गोळ्या हवाबंद चंदेरी पाकिटात येतात, त्यावर जात, पिकाचं वर्ष आणि अल्फा ॲसिडचं (कडवटपणा देणाऱ्या घटकाचं) प्रमाण छापलेलं असतं. या भुकटीला मेंदीचा वास होता. आपल्या देशात हिमाचलात लाहौलला हॉप्स पिकतात हेही मला नंतर कळलं, म्हणजे प्रत्येक हॉप्सला कस्टम लागतंच असंही नाही.

पार्सल उघडलं तेव्हाची यादीही ऐका. सांगितलं होतं पस्तीस लिटरचं स्टीलचं भांडं, तोटी आणि थर्मामीटरसकट. आलं ॲल्युमिनियमचं पातेलं, बावीस लिटरचं, तोटी नाही. तीस लिटर पाणी आणि पाच किलो दाणा बावीस लिटरात कसा मावायचा? पिशवी म्हणजे पनीर गाळायचं मलमल, कडेला हातशिलाई. यीस्ट बेकरीचं. विचारलं तर आवाजी मेसेज आला: “सर, मोठं भांडं मागून येतंय, तोवर अर्धी बॅच करा.” पंचवीस किलोचं पोतंही ‘मागून’ येत होतं. ते अजून येतंय.

पाच किलो ‘माल्ट’ मात्र आला होता आणि भरडून आला होता. पिशवीच्या पद्धतीला जरा बारीक भरड चालते, म्हणून “आम्ही दळूनच पाठवतो” हे मला पटलं. हुशारी बघा की. दळलेला माल दाताखाली कसा तपासणार? तरी त्यात काही दाणे अख्खे राहिले होते. एक चावला. खडा! दाढ ठणकली. गोडी नाही, कुरकुर नाही, तोंडात नुसतं कच्चं पीठ. विचारलं तर उत्तर तयार: “हा पिल्सनर माल्ट आहे सर, तो कडकच असतो.” हे धादांत खोटं आहे. कुठलाही माल्ट हा भिजवून, मोड आणून, वाळवलेला दाणा असतो. मोड येताना तो आतून पोकळसर, ठिसूळ होतो, म्हणून दाताखाली फुटतो. कच्चा सातू फुटत नाही, दात फुटतो. अख्खा दाणा असेल तर मूठभर पाण्यात टाका: कच्चा सातू सरळ तळाला जातो, चांगल्या माल्टचे बरेच दाणे वर तरंगतात. आणि भरडलेला माल घेऊच नका. दळण आपण बघू.

तरीही मी अर्धी बॅच लावली. पत्र होतं ना हातात. ६६ अंश, तासभर. पिशवी उचलायला गेलो तर निथळेना. आत सगळा चिकट गोळा, खाली पांढरट, बुळबुळीत पेज. बशीवर एक थेंब घेऊन मेडिकलातलं आयोडीन टाकलं. शाईसारखं निळंकाळं. म्हणजे स्टार्च होता तसाच, साखर झालीच नाही. मोड न आलेल्या दाण्यात स्टार्च फोडणारी एन्झाइमं पुरेशी तयारच झालेली नसतात, कितीही शिजवा. पाण्यात साखर किती उतरली ते सांगणाऱ्या हायड्रोमीटरनं तर साध्या पाण्याच्या जरासंच वर दाखवलं. यीस्ट टाकायची वेळच आली नाही. बिअर झाली नाही, हे पुढच्या कहाणीसाठी लक्षात ठेवा.

उरलेलं धान्य घेऊन रविवार पेठेत एका जुन्या धान्यवाल्याकडं गेलो. त्यानं चिमूट हातात घेतली, फुंकर मारली. “हा सातू की ओ. जनावराला घालूलालाय काय?”

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात साहेबांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “घरी दारू गाळता?” मी म्हटलं, गाळत नाही, बिअर, माल्टची. “नवसागर घालता काय?” २००७ ला या राज्यात अरॅक (स्वस्त देशी दारू) बंद झाली, तेव्हापासून यांच्या डोक्यात घरची दारू म्हणजे हातभट्टी. फसवला गेलेला मी, आणि दहा मिनिटांत आरोपीच्या खुर्चीत मीच. मग, “हे सायबरचं काम.” सायबरवाल्यांनी सांगितलं, पार्सल मिळालंय ना, मग हा व्यवहारातला वाद, फसवणूक नाही. सातू मिळाला म्हणजे माल मिळाला? दगड पाठवले असते तरी ‘माल मिळाला’ म्हणाले असते. अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. लिहून घेतला, लिहून देणाऱ्याला १५० रुपये. “नाळे बर्री.” म्हणजे उद्या या. उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर पुन्हा नाळे बर्री.

मग कुणीतरी म्हणालं, पैसे ज्या खात्यात गेले ते महाराष्ट्रातलं, तिकडं द्या तक्रार. शिनोळीच्या पलीकडं गेलो. तिथं मराठीत बोलले, चहा दिला, आणि सांगितलं, “पैसे बेळगावातून गेले, तुम्ही राहता बेळगावात, तिकडचीच हद्द.” हद्द! या हद्दीवरून महाराष्ट्र २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. त्या हद्दीसाठी कर्नाटकानं इथं सुवर्ण विधानसौध बांधला. दोन सरकारांना बेळगाव हवं आहे, बेळगावकराची २१,५९० रुपयांची तक्रार मात्र दोघांनाही नको आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. हे मी प्रिंट काढून नेलं. साहेबांनी प्रिंट बाजूला सरकवली आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

अबकारी कार्यालयात मी त्या पत्राची शहानिशा करायला गेलो. कारकुनाला पत्र दाखवल्यावर तो मनापासून हसला, शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवलं, तिथं पण हसले. “असला परवाना आम्ही देत नाही.” बरं, मग खोटा शिक्का वापरणाऱ्यावर कारवाई? हसू थांबलं. “भांडं कुठाय?” मी पत्राची घडी केली आणि निघालो. चोराचा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे. त्याला माहीत आहे की गिऱ्हाईक खात्याच्या दारात गेलं तर पहिली झडती गिऱ्हाइकाची.

एक वाट शिल्लक आहे, ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पण तिथं विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. बिलावर पत्ता पुण्याचा, आणि जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होणारा. २९ कर्नाटकाचा, महाराष्ट्राचा २७. वर त्यात अक्षरंही चौदाच, पंधरा हवीत. हे पैसे भरण्याआधी बघायचं असतं आणि कुणीच बघत नाही. खाण्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो, तोही नव्हता. यूपीआयवर आलेलं नाव दुकानाचं नव्हतं, कुठल्याशा बाईचं होतं. “मॅडम अकाउंट्स बघतात.” असतील बघत.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तासाभरात केला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. मी पार्सलची वाट बघत बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं. नमुन्याचा दाणा जपून ठेवा, मुख्य माल आला की शेजारी ठेवून चावून बघा. आवाजी मेसेज ‘एकदाच ऐकता येईल’ असे पाठवत असेल तर तिथंच सोडा. माझ्याकडं त्याचा एकही आवाज उरलेला नाही.

तो ग्रुप बंद झाला. गेल्या आठवड्यात एका मित्राला दुसऱ्या नावाच्या ग्रुपचं आमंत्रण आलं, वेगळा नंबर, किटचा भाव १२,४९९, नमुना दोन किलो ६४० लाच. भांड्याचा फोटो तोच आहे: मागं निळ्या फरशीची भिंत आणि डाव्या कोपऱ्यात अर्धा दिसणारा पिवळा गॅस सिलिंडर. तो फोटो आला की नंबर ब्लॉक करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा आणि ज्यानं तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं त्याला हे पाठवा.