16 टीबीचा एसएसडी 3,499 रुपयांत: घेण्याआधी हे वाचा

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. ते साठवायला घेतलेल्या दोन एसएसडी ड्राइव्हचे 6,998 रुपये, घरपोच आणण्याचे 99. डेटा रिकव्हरीवाल्याची तपासणी फी 1,500. नवरीच्या वडिलांना परत दिलेला ॲडव्हान्स 25,000, आणि ठरलेल्या 65,000 पैकी उरलेले 40,000, जे आता येणार नाहीत. बेरीज 73,597. पैसे पुढच्या सीझनला भरून निघतील. पण सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत एका घरच्या अख्ख्या लग्नाचं फुटेज माझ्या हातून गेलं, आणि गावात सगळे त्याला माझा निष्काळजीपणा म्हणतायत. म्हणून हे लिहितोय. लग्नाची कामं करणारे, क्लासचे व्हिडिओ साठवणारे, घरचे फोटो एका जागी ठेवू पाहणारे, सगळ्यांसाठी.

‘इतक्या स्वस्तात 16 टीबी मिळतं का कुठे?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता ऐकवत नाही. ड्राइव्ह मी कुठल्या भुक्कड वेबसाइटवरून मागवला नव्हता. ज्या मोठ्या शॉपिंग साइटवरून आपण सगळे मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं घेतो, तिथूनच घेतला. 4.3 स्टार होते, जीएसटीचं बिल आलं, सेल चालू होता. मेमरीचे भाव वर्षानुवर्षं उतरताना मी या धंद्यात बसून पाहिलेत. स्वस्त वाटलं, अशक्य नाही वाटलं.

आता मला माहीत आहे ते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 2023 च्या अखेरीस सॅमसंगने टी5 ईव्हो हा खिशात मावणारा एसएसडी आणला तेव्हा त्यातला सगळ्यात मोठा 8 टीबीचा होता, आणि त्याची किंमत अमेरिकेत 650 डॉलर होती. त्याच्या दुप्पट जागा साडेतीन हजार रुपयांत कुणीही देऊ शकत नाही. कुणीही म्हणजे कुणीही. नावाजलेल्या कंपनीचा सगळ्यात मोठा ड्राइव्ह केवढा आहे ते आधी बघा. अनोळखी ब्रँडचा त्याहून मोठा असेल तर तिथेच थांबा.

ड्राइव्ह आला, लॅपटॉपला लावला. विंडोजने 14.5 टीबी दाखवलं. याने माझा संशय उलट मिटला, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, हे मला माहीत होतं. 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते, तसं 16 चं साडेचौदाच दिसायला हवं. बनवणाऱ्यांनी तो हिशेबसुद्धा बरोबर ठेवला होता. मग मी 40 जीबीचा जुना साखरपुडा टाकून पाहिला, ड्राइव्ह काढला, परत लावला, सगळ्या क्लिप चालल्या. दोन ड्राइव्ह घेतले तेही एकाच्या दोन प्रती ठेवायच्या म्हणून. याहून जास्त काळजी कोण घेतो ते मला सांगा.

खरी गोम अशी आहे की युएसबीला लावलेल्या ड्राइव्हची जागा संगणक मोजत नाही. तो फक्त विचारतो. ड्राइव्ह लावला की आधी ओळखपरेड होते: बनवणारा कोण, उपकरण कुठल्या जातीचं, माउस की प्रिंटर की साठवणीचं. साठवणीचं असेल तर संगणक त्याला विचारतो, तुझा शेवटचा ब्लॉक, म्हणजे साठवणीचा कप्पा, कितवा आणि एक ब्लॉक केवढा? ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप जे सांगेल ते तो खरं धरतो. माझ्या ड्राइव्हने सांगितलं, सव्वा एकतीस अब्ज ब्लॉक, प्रत्येकी 512 बाइट. आत होते साडेबारा कोटी. चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातच भरलेला प्रोग्रॅम, बदललं की हा आकडा हवा तो करता येतो. पुढे फॉरमॅट केलं तरी काही कळत नाही, कारण क्विक फॉरमॅट सगळ्या जागेला हात लावत नाही, फक्त सुरुवातीची कोष्टकं लिहितो. म्हणजे ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसणारा आकडा हा विक्रेत्याचाच दावा असतो, त्याला पुरावा समजू नका.

आणि आता ती रात्र.

त्या लग्नाचं फुटेज 310 जीबी होतं. दोन कॅमेरे आणि ड्रोन, सगळं फोरकेमध्ये. लॅपटॉपची डिस्क 512 जीबीची आणि भरत आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या घरची हळद. कॉपीला लावलं आणि खिडकीत वेग आला सेकंदाला 22 एमबी. खोक्यावर लिहिलं होतं युएसबी 3.1, 10 जीबीपीएस. माझा जुना, छोटा एसएसडी त्याच लॅपटॉपच्या त्याच निळ्या, म्हणजे युएसबी 3 च्या, पोर्टला 400 च्या घरात पळतो. मी पोर्ट बदललं. केबल बदलली, माझी स्वतःची चांगली केबल लावली. 22 च. पंधरा मिनिटांच्या आत व्हायचं काम चार तास चाललं, आणि मग दुसऱ्या ड्राइव्हवर तेच पुन्हा. मी पहाटेपर्यंत त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो होतो. सगळं तिथेच लिहिलेलं होतं! युएसबी 2.0 ची कमाल सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी, प्रत्यक्षात 35 ते 40 एमबीच्या वर ते जात नाही. 22 चा वेग धड एसएसडीचा नसतो, तो साध्या कार्ड रीडरचा आहे. तेवढं लक्षात घेऊन कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं न पुसता बाजूला ठेवली असती तर आज लग्न शाबूत असतं. पण लग्नसराईत ज्याच्या तिथी ओळीने लागल्यात त्याने ती कार्डं कुठे ठेवायची? सकाळी तीच कार्डं कॅमेऱ्यात घालायची होती.

तरीही मी तपासलं. कार्डं फॉरमॅट करण्याआधी ड्राइव्हवरच्या शेवटच्या दोन क्लिप उघडून पाहिल्या. चालल्या. सगळ्या फोल्डरमध्ये छोटी चित्रंसुद्धा दिसत होती. नंतर कळलं की नुकतीच कॉपी केलेली फाइल विंडोज पुष्कळदा रॅममधून दाखवतो, ड्राइव्हवरून वाचतच नाही, आणि ती छोटी चित्रं लॅपटॉपच्याच डिस्कवर साठवलेली असतात. म्हणून तपासायचं तर ड्राइव्ह नीट काढा, संगणक बंद करून सुरू करा, जमलं तर दुसऱ्या संगणकाला लावा, आणि मधल्या फाइल उघडा. पहिली आणि शेवटची उघडून भागत नाही.

महिन्याभराने एडिटिंगला बसलो. फोल्डर जागच्या जागी, नावं बरोबर, प्रत्येक फाइलचा आकार बरोबर. उघडायला गेलं की एरर. पहिला साखरपुडा आणि त्यानंतरच्या मोजक्या क्लिप चालत होत्या. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच गत, अगदी त्याच क्लिपपर्यंत. खरी जागा संपल्यावर चिपने पुढचा डेटा घेतला, ‘लिहिला’ म्हणून कळवलं आणि टाकून दिला. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून ती तेवढी शाबूत. रिकव्हरीवाल्याने 1,500 घेऊन जे सांगितलं ते बरोबरच होतं: पुसलेलं परत आणता येतं, मुळात लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार?

त्याच्याच दुकानात एक ड्राइव्ह उघडला. निळं ॲल्युमिनियमचं कव्हर, आत अंगठ्याएवढा सर्किटचा तुकडा, त्यावर गरम डिंकाने चिकटवलेलं 64 जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, आणि हातात जड लागावं म्हणून लोखंडाची पट्टी. सोबतच्या केबलचं टोकही आतून निळं रंगवलेलं, पण पिना चारच. युएसबी 3 च्या प्लगमध्ये त्या नऊ असतात, चार पुढे आणि पाच मागे. केबल हातात आली की टॉर्च मारून आत बघा.

16 टीबी म्हणजे 16,000 जीबी, त्याच्या जागी 64 जीबी म्हणजे 250 वा भाग. दुकानदाराकडे किलोभर साखर मागावी आणि त्याने 4 ग्रॅम बांधून द्यावी, अशी ही चोरी आहे. दुकानदार असता तर लोकांनी त्याला धरला असता. माझा अनुभव पुढे वाचा.

साइटच्या कस्टमर केअरने सांगितलं, परतीची मुदत 7 दिवसांची, ती संपली. आता हे गणित बघा. 16 टीबी पूर्ण भरून तपासायला 22 एमबीच्या वेगाने आठ दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे वस्तू खरी की खोटी हे पूर्ण तपासण्याआधीच परतीचा दरवाजा बंद! विक्रेता नेमका याच्यावर जगतो. चांगले स्टारही त्यामुळेच मिळतात. लोक पहिल्या दिवशी लावतात, 14.5 टीबी दिसतं, पाच स्टार देऊन मोकळे होतात. मी म्हटलं, मुदत राहू दे बाजूला, वस्तूच खोटी आहे. उत्तर आलं, ‘सर, डिव्हाइस डिटेक्ट होत असल्यास ते डिफेक्टिव्ह मानलं जात नाही.’ वर, आम्ही फक्त मध्यस्थ. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मला पोच म्हणून मशीनने पाठवलेला मेल आला आणि महिना उलटून गेला.

पोलीस ठाण्यात तर कळस झाला. ड्यूटीवरच्या हवालदारांनी उरलेला ड्राइव्ह तिथल्या संगणकाला लावला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ‘अहो, सोळा टीबी म्हणता, साडेचौदा तर दाखवतंय. थोडं कमी असतंच. फसवणूक कुठे आहे यात?’ मी समजावायला लागलो तर म्हणाले, भाऊ, सायबरला जा. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला का? खात्यातून पैसे परस्पर गेले का? तुम्हीच दिले ना, आणि माल आला ना, मग हे सायबर नाही, नेहमीच्या ठाण्यात जा. मी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 काढून दाखवलं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परत पहिल्या ठाण्यात अदखलपात्र म्हणून कागद दिला, त्यावर नुकसान लिहिलं फक्त 7,097. वजनमापांच्या कार्यालयात गेलो, कारण माप कमी देणं हाच तर गुन्हा आहे. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, ‘लिटर आहे, किलो आहे, मीटर आहे. तुमचं हे टीबी मोजायचं माप आमच्याकडे नाही.’ इतक्या टेबलांवर फिरलो, पण खोटा आकडा सांगणारी चिप हीच फसवणूक आहे हे एकालाही समजून घ्यावंसं वाटलं नाही. सगळ्यांना एकच दिसत होतं, वस्तू मिळाली आहे. ड्राइव्हची सांगितलेली जागा तपासणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दहा मिनिटांचं काम आहे. एका ठाण्यात एका माणसाला तेवढं शिकवलं तर मी तिथे हात जोडून उभा राहिलो नसतो!

256 जीबीच्या वरच्या युएसबी एसएसडीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर आर आणि पुढे आठ अंक हवेत, आणि ते बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतात. माझ्या ड्राइव्हवर काही नव्हतं. ते नसतानाही तो मोठ्या साइटच्या गोदामातून माझ्या दारात आलाच ना?

तपासायचं कसं तेही लिहितो. विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह नावाचा प्रोग्रॅम चालवा, तो ड्राइव्हभर 576 ठिकाणी लिहून परत वाचतो आणि खरी जागा किती ते थोड्याच वेळात दाखवतो. एच2टेस्टडब्ल्यू जुना आणि भरवशाचा आहे. तो सगळी मोकळी जागा भरून मग वाचतो, म्हणून त्याला अख्खा ड्राइव्ह देऊ नका, 200-300 जीबीची मर्यादा घाला. बनावट असेल तर बहुधा तेवढ्यातच पकडला जातो. लिनक्स आणि मॅकला एफ3 आहे. तपासणी कोऱ्या ड्राइव्हवरच करा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि ड्राइव्ह स्वतः फोडू नका. माझा एक फोडलेला असल्याने ‘छेडछाड केली’ असं मला ऐकावं लागलं.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेता आणि साइट दोघांनाही प्रतिवादी केलंय. बिल, चॅट, मेल, चाचणीचा निकाल सगळं जोडलंय. पहिली तारीख लागली आणि पुढे गेली.

दरम्यान त्या विक्रेत्याचं नाव साइटवरून गेलंय. तेच फोटो, तोच निळा रंग, दुसऱ्या नावाने, 32 टीबी, 3,799 रुपये. मी रिपोर्ट केला. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार’ असं आलं आणि ड्राइव्ह अजून विक्रीला आहे. ज्यांनी तो घेतलाय आणि ज्यांचे 7 दिवस अजून भरले नाहीत, त्यांनी आज रात्री चाचणी लावा, आणि तोवर कॅमेऱ्यातलं एकही कार्ड फॉरमॅट करू नका.