ब्लूटूथ टॅग घ्यायचाय? एअरटॅग, स्मार्टटॅग, टाइल, चिपोलो की सरळ जीपीएस

किल्ल्यांना लावायचे, पाकिटात किंवा सूटकेसमध्ये टाकायचे ब्लूटूथ टॅग शेजारी शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. कुठे चकती, कुठे कार्ड, आत छोटी बॅटरी आणि बारीकसा स्पीकर. म्हणून घेणारा आकार बघतो, किंमत बघतो आणि बरा वाटेल तो उचलतो. माझं म्हणणं असं, की टॅग सगळ्यात शेवटी निवडावा. आधी दोन गोष्टी नक्की करा: तुमच्याकडे फोन कुठला आहे, आणि तुमच्या वस्तू हरवतात त्या कुठे.

याचं कारण टॅग चालतो कसा यात आहे. आपण कुठे आहोत हे टॅगला स्वतःला कळत नाही. त्यात जीपीएस नसतो, सिमकार्ड नसतं. तो थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथचा एक क्षीण संकेत सोडत राहतो, बस. जवळून जाणाऱ्या एखाद्या फोनला तो संकेत मिळतो, फोन त्याला स्वतःचं स्थान जोडून सर्व्हरकडे पाठवतो आणि मग तुमच्या नकाशावर ठिपका उमटतो. ॲपल आणि गूगलच्या व्यवस्थेत ही माहिती एन्क्रिप्ट होऊन जाते, वाचता येते ती फक्त टॅगच्या मालकाला. ज्याच्या फोनने निरोप पोहोचवला त्याला याचा पत्ताही नसतो. म्हणजे नकाशावर दिसतं ते टॅगचं स्थान नसून कुठल्यातरी फोनचं असतं, आणि तेही तो फोन तिथून गेला त्या वेळचं. ठिपक्याखाली लिहिलेली वेळ वाचायची सवय लावून घ्या. ‘दोन तासांपूर्वी’ असं असेल तर दोन तासांपूर्वीच.

घरातल्या घरात सापडत नाही तेव्हा

बहुतेक लोकांना टॅग लागतो तो याच कामासाठी. किल्ली घरातच आहे, पण सापडत नाही, आणि बाहेर पडायची वेळ झालीय. इथे लोकांच्या फोनचं जाळं वगैरे काही लागत नाही. तुमचा फोन आणि टॅग एकमेकांच्या टप्प्यात असले की झालं. कंपन्या मोकळ्या मैदानातला टप्पा सांगतात. सॅमसंग स्मार्टटॅग२ साठी १२० मीटर सांगते. घरात भिंती, लोखंडी कपाटं आणि माणसं आड येतात, त्यामुळे एक-दोन खोल्यांपलीकडे खात्री धरू नये.

मग उरतो आवाज. सोफ्याच्या उशांखाली, धुवायच्या कपड्यांच्या ढिगात टॅग दबला की त्याची पिपाणी अगदीच दबून जाते. ॲपलच्या पहिल्या पिढीच्या एअरटॅगचा आवाज मुळातच बेताचा आहे. चिपोलो आणि टाइल प्रो यांचा आवाज त्यामानाने खणखणीत. ऐकायला कमी येणाऱ्या माणसासाठी घेत असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आवाजच बघा.

एअरटॅग ही उणीव दुसरीकडून भरून काढतो. त्यात अल्ट्रा-वाइडबँडची, म्हणजे जवळच्या वस्तूची दिशा आणि अंतर नेमकं सांगणाऱ्या रेडिओ तंत्राची चिप आहे. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या बहुतेक आयफोनवर (एसई मालिका सोडून) पडद्यावर बाण येतो आणि खाली अंतर. तुम्ही कपड्यांच्या ढिगाकडे पाठ केली की बाण मागे फिरतो, पुढे गेलात की अंतराचा आकडा उतरत जातो, अगदी जवळ पोहोचलात की फोन थरथरतो. आवाज ऐकत अंदाजाने चाचपण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. स्मार्टटॅग२ आणि मोटोरोलाचा मोटो टॅग यांच्यातही ही चिप आहे, पण फोनमध्येही ती असावी लागते, आणि अँड्रॉइडच्या दुनियेत ती साधारण वरच्या किमतीच्या फोनांतच मिळते. टॅग नवा आणि फोन साधा असेल तर त्या चिपचा काही उपयोग नाही. ॲपलच्या जाळ्यावर चालणाऱ्या इतर कंपन्यांच्या टॅगांतही सहसा हा बाण मिळत नाही, नुसता आवाज मिळतो.

किल्लीपेक्षा फोनच जास्त हरवत असेल तर उलटा विचार करा. टाइल, चिपोलो आणि स्मार्टटॅग यांच्यावर बटण असतं. ते दोनदा दाबलं की फोन वाजतो. एअरटॅगवर असं बटण नाही. चिपोलोमध्ये मात्र या सोयीसाठी त्यांचं स्वतःचं ॲपही फोनवर लागतं.

पाकिटाची गोष्ट निराळी. एअरटॅग ८ मिलिमीटर जाड आहे, पाकिटाला त्याचा फुगवटा येतोच. पाकिटासाठी कार्डाच्या आकाराचे टॅगच घ्यावेत; चिपोलो, पेबलबी आणि टाइल तिघांचेही मिळतात. त्यांचा आवाज जरा दबका असतो, तेवढं चालवून घ्या.

वस्तू घराबाहेर राहिली तेव्हा

इथे सगळा खेळ जाळ्याचा. टॅग कितीही चांगला असला तरी त्याच्याजवळून योग्य जातीचा फोन गेला नाही तर तो गप्प.

एअरटॅग २०२१ साली आला. त्यामागे ॲपलचं ‘फाइंड माय’ हे जाळं आहे आणि जगभरचे कोट्यवधी आयफोन त्यात आपोआप सामील आहेत. गर्दीच्या ठिकाणी याचा ठिपका मिनिटांत ताजा होतो. अट एवढीच, की मालकाकडे आयफोन किंवा आयपॅड हवा. अँड्रॉइडवाल्याला एअरटॅग वापरता येत नाही. फार तर सापडलेला एअरटॅग फोनला टेकवून मालकाने ठेवलेला निरोप वाचता येतो.

सॅमसंगचं जाळं सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनांचं, आणि त्यांचा टॅगही फक्त गॅलेक्सीवर चालतो. ‘अँड्रॉइड आहे ना, चालेल’ असं समजून दुसऱ्या कंपनीच्या फोनसाठी स्मार्टटॅग घेऊ नका. पुढच्या फोनला कंपनी बदलायचा विचार असेल तर हा टॅग अडकून पडेल. सॅमसंगवरच राहणार असाल तर मात्र स्मार्टटॅग२ उत्तम आहे. पाणी आणि धुळीला एअरटॅगइतकाच पुरतो, बॅटरी त्याहून जास्त टिकते, आणि कडी टॅगातच असल्यामुळे वेगळं कव्हर घ्यावं लागत नाही.

गूगलचं जाळं एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालं आणि मे २०२५ पासून त्याचं नाव ‘फाइंड हब’ आहे. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढचे फोन यात येतात, म्हणजे आकड्यांनी हे प्रचंड. पण गूगलने खासगीपणासाठी मुद्दाम हात आखडता ठेवला आहे. मुळातलं सेटिंग असं, की एखाद्या टॅगजवळून अनेक फोन गेले तरच त्यांची माहिती एकत्र करून दाखवायची. एकट्यादुकट्या फोनने दिलेलं स्थान दाखवायचं नाही. विमानतळावर, स्टेशनात अडचण येत नाही. शांत गल्लीत, मोकळ्या रस्त्यावर येते. हे सेटिंग बदलून ‘सगळीकडे’ करता येतं, पण त्यात एक मेख आहे. तुम्ही तुमच्या फोनवर ते बदललंत तर फायदा दुसऱ्यांच्या टॅगांना होतो. तुमच्या टॅगला व्हायचा तर तिथून जाणाऱ्यांनी बदललेलं असायला हवं. तरीही बदला. सगळ्यांनी बदललं तर सगळ्यांचंच भलं होईल.

टाइल या मंडळींत सगळ्यात जुनी, आणि आयफोन-अँड्रॉइड दोन्हीवर चालते. २०२१ मध्ये लाइफ३६० या कंपनीने ती विकत घ्यायचं जाहीर केलं आणि आता दोन्हींचे वापरणारे एकाच जाळ्यात येतात. पण हे ॲप मुद्दाम घेतलेल्यांचं जाळं. फोनमध्ये मुळातूनच असलेल्या जाळ्याची सर त्याला येत नाही. घरातल्या शोधाशोधीसाठी टाइल घ्या, सूटकेससाठी मी सुचवणार नाही.

चिपोलो पॉप आणि पेबलबीचे नवे टॅग ॲपल किंवा गूगल दोन्हींपैकी कुठल्याही जाळ्यावर चालतात. मात्र एका वेळी एकावरच. बदलायचं तर टॅग रीसेट करून पुन्हा जोडावा लागतो. फोन बदलण्याची सवय असलेल्यांना हे सोयीचं. घरात एकाकडे आयफोन आणि दुसऱ्याकडे अँड्रॉइड असेल आणि एकच गाडीची किल्ली दोघांना शोधायची असेल, तर यानेही प्रश्न सुटत नाही. अशा घरात टाइल किंवा किल्लीला चक्क दोन टॅग, हाच मार्ग. दोघांकडे आयफोन असतील तर आयओएस १७ (आयफोनची प्रणाली) पासून एक एअरटॅग आणखी पाच जणांशी शेअर करता येतो.

आता सूटकेस. टॅगचा पैसा वसूल होतो तो इथे. विमान बदलून जाताना बॅग मागे राहिली, तर पट्ट्यापाशी तासभर ताटकळण्याऐवजी बॅग मधल्या विमानतळावरच आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं आणि सरळ काउंटरवर जाऊन नोंद करता येते. आयओएस १८.२ पासून हरवलेल्या वस्तूच्या स्थानाची लिंक तयार करून विमान कंपनीला देता येते. ती सात दिवसांनी किंवा बॅग परत हाती आल्यावर आपोआप बंद होते. उड्डाण चालू असताना ठिपका हलला नाही म्हणून घाबरून जाऊ नका, सामानाच्या कप्प्यात संकेत ऐकायला कोणी नसतं. पूर्ण ॲल्युमिनियमच्या बॅगेत संकेत कोंडला जातो. टॅग कपड्यांच्या मधोमध न ठेवता बाजूच्या अस्तरात ठेवा.

चेक-इन सामानात टॅग चालतो का, ही शंका लोकांना अजूनही येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने चालू असलेल्या टॅगांना मनाई असल्याचं म्हटलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. अशा टॅगच्या बॅटरीत ०.३ ग्रॅमपर्यंत लिथियम चालतं. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीत ते साधारण ०.१ ग्रॅम असतं. निर्धास्त ठेवा.

चोरीसाठी घेत असाल तर

इथे मी हात आखडायला सांगेन. टॅग विसरभोळेपणावर औषध आहे, चोरीवर नाही, आणि यामागे चांगलं कारण आहे. हेच टॅग बायकांच्या पर्समध्ये, गाडीखाली लपवून पाळत ठेवायला वापरले गेले. त्यावर उपाय म्हणून मालकापासून दूर गेलेला एअरटॅग ८ ते २४ तासांत कधीतरी हलवल्यावर वाजतो, आणि अनोळखी टॅग सोबत फिरतोय असं दिसलं की फोन सूचना देतो. ॲपल आणि गूगलने मिळून मे २०२४ पासून ही सूचना आयफोन आणि अँड्रॉइड ६ पासूनच्या फोनांवर एकमेकांच्या टॅगांसाठीही सुरू केली. सायकल चोरणाऱ्यालाही हीच सूचना मिळते, आणि तो टॅग काढून फेकून देतो. एखाद्या सायकलीपेक्षा एखाद्या बाईची सुरक्षितता मोठी, त्यामुळे ही मर्यादा मला मान्य आहे. टाइलमध्ये ओळखपत्र पडताळून घेतलं तर अनोळखी टॅग शोधणाऱ्या स्कॅनपासून आपला टॅग लपवता येतो. मला ती वाट धोक्याची वाटते.

तरीही सायकलला टॅग लावायला हरकत नाही. पहिले काही तास माग मिळू शकतो, तेवढाही पुष्कळदा पुरतो. फक्त ठिपक्याच्या मागे स्वतः जाऊ नका. ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे असू शकतो आणि शेजारच्या निरपराध माणसाचं दार ठोठावलं जाऊ शकतं. पोलिसांना दाखवा.

आणि स्वतःच्या फोनवर अनोळखी टॅगच्या सूचना चालू आहेत ना, हे एकदा बघून घ्या. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सुरक्षितता आणि आणीबाणीच्या भागात हाताने स्कॅन करायचीही सोय आहे.

कुत्रा, मांजर, लहान मूल, विसरायला लागलेले आजोबा

यांच्यासाठी टॅग नको. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसं किंवा प्राणी यांच्यासाठी नाही, हे ॲपलने सुरुवातीपासून सांगितलं आहे. बिथरून पळालेला कुत्रा गर्दीच्या रस्त्याने जात नाही, तो रानात किंवा ओसाड जागेत शिरतो, आणि तिथून फोन जात नाहीत. शिवाय चावून टॅग गिळण्याची भीती वेगळीच.

जीपीएस आणि सिमकार्ड असलेला ट्रॅकर स्वतःचं स्थान स्वतः शोधतो आणि मोबाइल नेटवर्कवरून सतत कळवतो. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते: दरमहा किंवा दरवर्षी शुल्क, दर काही दिवसांनी चार्जिंग, आणि आकार टॅगहून मोठा. जिथे मोबाइलचं नेटवर्क नाही तिथे तोही गप्प होतो. पण जीव हरवायचा प्रश्न असताना ‘कुणीतरी तिथून जाईल’ यावर विसंबणं बरोबर नाही.

बॅटरीचं

एअरटॅग साधारण वर्षभर चालतो आणि बॅटरी घरीच बदलता येते. स्मार्टटॅग२ साठी कंपनी ५०० दिवस सांगते, बचतीच्या मोडमध्ये ७००. टाइलच्या काही टॅगांची बॅटरी तीन वर्षांपर्यंत जाते, पण ती बदलता येत नाही. संपली की टॅग टाकून द्यायचा. हे मला पटत नाही. बदलता किंवा चार्ज करता येणारा टॅगच घ्या.

एअरटॅगसाठी सीआर२०३२ घेताना पाकिटावर नीट बघा. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही बॅटऱ्यांवर कडू लेप असतो, आणि तसल्या बॅटरीवर एअरटॅग कधी कधी चालूच होत नाही. लेप लावण्यामागचं कारण मात्र खरं आहे: गिळलेली नाणेबॅटरी दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकते. घरात लहान मूल असेल तर टॅग कव्हरात घट्ट बसवा, काढलेली जुनी बॅटरी टेबलावर पडू देऊ नका, आणि बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता मुलाला घेऊन दवाखाना गाठा.