चिलखत बांधायला वेलक्रो की टिचबटण?

गणपतीतल्या जिवंत देखाव्यासाठी प्लास्टिकचं चिलखत जोडताना हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन्ही वस्तू पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत सहज मिळतात.

वेलक्रोचं काम झटपट होतं. शिवाय एकच चिलखत बारीक आणि धिप्पाड अशा दोन्ही मुलांना बसतं, पट्टी थोडी मागेपुढे केली की झालं. पण मागच्या चिकट थरावर भरवसा ठेवू नका. भाद्रपदातली दमट हवा आणि घाम यांनी तो सुटतो. आमच्या मावळ्याचा खांदा तिसऱ्या प्रयोगाला ऐन संवादात लोंबायला लागला, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

टिचबटणाला मेहनत जास्त. ते थेट प्लास्टिकमध्ये ठोकू नका, भोकापासून तडा जातो. नायलॉनच्या पट्टीला तापल्या सोल्डरिंग गनने भोक पाडा, म्हणजे कडा वितळून धागे निघत नाहीत. तिथे बटण ठोका. मग प्लास्टिकच्या पत्र्याची आतली बाजू पॉलिशपेपरने खरवडून पट्टी चिकटवा, चिमटे लावून रात्रभर ठेवा. खांदा आणि छाती यांच्यामध्ये बोटभर ढील हवीच, नाहीतर तलवार उचलताना हात अडतो.

माझं मत स्पष्ट आहे: खांदे, छाती, पाठ, म्हणजे जिथे वजन लोंबतं तिथे टिचबटणच. मनगट आणि पोटऱ्यांना वेलक्रो चालेल, फक्त ते शिवून घ्या.