लाईव्ह मायग्रेशन: प्री-कॉपी की पोस्ट-कॉपी?
चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं तर मुख्य भानगड रॅमची, डिस्क शेअर्ड स्टोरेजवर, म्हणजे दोन्ही सर्व्हरना दिसणाऱ्या जागी, असली की तिला हातच लावायचा नाही.

प्री-कॉपीत व्हीएम जुन्याच सर्व्हरवर चालू राहतं आणि मागून रॅम कॉपी होत असते, तेवढ्यात जी पेजेस (रॅमचे छोटे तुकडे) बदलली ती परत पाठवायची, परत बदलली की परत, असं करत करत थोडीच उरली की क्षणभर थांबवून उरलेलं ढकलायचं. क्यूएमूमध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) हा थांबा डिफॉल्ट ३०० मिलिसेकंद धरलाय, युजरला कळतही नाही. पण १० गिगाबिटची लिंक सेकंदाला जेमतेम सव्वा जीबी नेते, आणि तुमचा डेटाबेस त्याहून जास्त रॅम खरडत असेल तर हे रहाटगाडगं संपतच नाही 😅 मग ऑटो-कन्व्हर्ज लावा, म्हणजे व्हीएमचा सीपीयूच आवळायचा. डाउनटाइम नाही म्हणे!

पोस्ट-कॉपी उलटं. व्हीएम आधी नवीन सर्व्हरवर उठतं आणि लागेल ते पेज नेटवर्कवरून मागवतं. प्रत्येक पेज एकदाच जातं, त्यामुळे काम संपणार हे नक्की, फक्त सुरुवातीला व्हीएम रखडत चालतं. खरी भीती वेगळीच, मध्येच लिंक तुटली तर अर्धी रॅम इकडे अर्धी तिकडे. प्री-कॉपीत अशा वेळी जुनं व्हीएम शाबूत असतं, इथे रिकव्हरी जमली नाही तर रीबूटच.

मी तरी आधी प्री-कॉपीच लावतो, दोन-तीन फेऱ्यांत उरकेना तरच `virsh migrate-postcopy` (चालू मायग्रेशन पोस्ट-कॉपीवर वळवायची कमांड), पण त्यासाठी मायग्रेशन सुरू करतानाच `--postcopy` द्यावं लागतं, ते हमखास विसरतं.