दोघांनाही 84: न्यू व्हेगास घ्यावा की फॉलआउट 4?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर गेमच्या दर सेलला हा प्रश्न हमखास येतो: "भिया, फॉलआउट घ्यायचाय, न्यू व्हेगास की 4?" फॉलआउट म्हणजे अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेत घडणाऱ्या व्हिडिओ गेमची मालिका, आणि हे दोन तिचे भाग. 2024 मध्ये टीव्ही मालिका आल्यापासून तर जरा जास्तच. मग कोणीतरी मेटाक्रिटिकचा, म्हणजे समीक्षकांच्या गुणांची 100 पैकी सरासरी देणाऱ्या साइटचा, आकडा टाकतो आणि वाद मिटायचा सोडून पेटतो, कारण पीसीवर दोघांनाही सारखेच गुण आहेत: 84. तेव्हा बघायचं ते हे, की उरलेले 16 कशापायी कापले गेले.

फॉलआउट 3 ला पीसीवर 91 आहेत, मग तो का नको, असंही कोणी विचारतं. चांगलाच आहे, पण आपल्याकडे त्याचा फारसा बोलबाला झालाच नाही. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो भारतात आणायचं रद्द केलं. दोन तोंडांच्या गाईंना दिलेल्या नावामुळे असेल, असा तर्क तेव्हा लोकांनी केला होता. असो.

न्यू व्हेगास 2010 चा. ऑब्सिडियन या गेम कंपनीने साधारण दीड वर्षात, फॉलआउट 3 च्याच इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) उभा केलेला. घाई दिसली. सुरुवातीलाच आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं डोकं भिंगरीसारखं फिरतंय, असा व्हिडिओ पहिल्याच दिवसांत गाजला. गेम अडकणं, मध्येच बंद पडणं, सेव्ह बिघडणं, यावर समीक्षकांनी सडकून टीका केली. लिखाणाबद्दल मात्र तक्रार जवळजवळ नाही. करारात 85 गुणांवर बोनस होता आणि तो एका गुणाने हुकला, हे ऑब्सिडियनच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी 2012 मध्ये सांगितलं.

लिखाण चांगलं म्हणजे काय, ते पहिल्याच गावात कळतं. गुडस्प्रिंग्जवर गुंडांची टोळी चालून येणार असते. बोलण्यात तरबेज असाल तर गुत्त्याच्या मालकिणीला पटवून गावकरी उभे करता येतात. स्फोटकांची जाण असेल तर एक म्हातारा डायनामाइट काढून देतो, सौदेबाजी येत असेल तर दुकानदार सामान सोडतो. कौशल्य कमी असेल तर संवादासमोर आकडा दिसतो, 25 पैकी 20 वगैरे. तरीही तो पर्याय निवडलात तर आपलं पात्र काहीतरी बावळट बोलून जातं आणि समोरचा काही बधत नाही. नाहीतर सरळ टोळीला सामील व्हा आणि गाव लुटा, गेम अडवत नाही. एवढे सगळे रस्ते, आणि ते एका खेड्यासाठी.

फॉलआउट 4 (2015) ची पहिली तासाभराची मजा वेगळी. काँकर्ड गावात पोचताच पॉवर आर्मर हे यांत्रिक चिलखत अंगावर, हातात मिनीगन आणि समोर डेथक्लॉ नावाचा अजस्र राक्षस. गोळीबार मागच्या दोन्हींपेक्षा कितीतरी सरस, बंदुकीचा एकेक भाग बदलता येतो, भंगारातून अख्खी वस्ती उभी राहते. एक्सबॉक्स वनवर 88, प्लेस्टेशन 4 वर 87 आणि 2016 चा बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार, हे काही उगाच मिळालेलं नाही. बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, इथेही होत्या, पण कात्री लागली ती मुख्यतः संवादांवर. आपल्या पात्राला आवाज दिला आणि बोलायला चारच पर्याय ठेवले, तेही एक-दोन शब्दांचे. उपहासाचं बटण दाबलं की तोंडातून नक्की काय निघेल, देव जाणे. पूर्ण वाक्य दाखवणारा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, लोकांनी लगेच बनवला, पण वाक्य दिसल्याने पर्याय थोडेच वाढतात? तीन बटणं फिरून होकारावरच येतात. त्यात कथेचा पेच: पोटचं पोर हरवलंय आणि आपण पत्रे ठोकत बसलोय. प्रेस्टन गार्वी हे गेममधलं पात्र दर वेळी आणखी एका वस्तीला मदत हवी म्हणून येतं, त्याची तर खिल्लीच उडते.

माझा कौल इथेच ठरतो. न्यू व्हेगासचे गुण गेले ते मुख्यतः दुरुस्त होण्यासारख्या दोषांवर. कंपनीचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले, उरलेलं चाहत्यांनी केलं. पीसीवर 4 जीबी पॅच (गेमला जास्त मेमरी वापरू देणारा) आणि चाहत्यांचा बग-पॅच टाकला की गेम बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने चालतो. फॉलआउट 4 ची खोट हाडातच आहे. फक्त 2016 च्या फार हार्बर या विस्तारात निवडीला खरा अर्थ मिळाला, आणि समीक्षकांनीही त्याचं कौतुक केलं.

पण संवाद वाचायचा कंटाळा असेल, दिवसभर कॉलेज करून रात्री दोन तास ठो-ठो करायचं असेल, तर फॉलआउट 4 च घ्या. न्यू व्हेगासची नेमबाजी तेव्हाच जुनाट वाटत होती, आता तर फारच. कॅसिनोंचा मुख्य रस्ता, स्ट्रिप, तोही फाटकांनी तुकड्या-तुकड्यांत कापलेला, दर फाटकाला लोडिंग.

लॅपटॉप जुना असेल तर प्रश्नच मिटला: न्यू व्हेगासला 2 जीबी रॅम आणि 10 जीबी जागा पुरते, फॉलआउट 4 किमान 8 जीबी रॅम, 30 जीबी जागा आणि बरं ग्राफिक्स कार्ड मागतो. जेल रोडच्या दुकानांत रॅम वाढवून मिळेल, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड नाही.

न्यू व्हेगास घेताना चारही विस्तार असलेली अल्टिमेट एडिशन घ्या. फॉलआउट 4 ला मॉड टाकणार असाल तर ते एप्रिल 2024 च्या अपडेटनंतरच्या आवृत्तीवर चालतात का, हे आधी बघा. त्या अपडेटने जुने बरेच मॉड मोडले होते.