सोल सुटला, घोटा मुरगळला, बूट अजून पायात : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५च्या, ट्रेकिंगचे बूट घेतले. साडेतीन हजाराला एक रुपया कमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मला भांडण नकोय. शिवाय या किमतीच्या बऱ्याच बुटांची कथा अशीच असणार असा माझा दाट संशय आहे.

त्याआधी मी वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनवाला. सह्याद्रीत फिरणाऱ्या अर्ध्या जनतेने कधी ना कधी ते बूट घातलेत. स्वस्त आणि कातळावर घट्ट. पण चाळिशी ओलांडल्यावर उतारावर गुडघे बोलायला लागले, म्हणून जरा जाड सोलचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवे होते. दुकानात संध्याकाळी गेलो (दिवसभरात पाय थोडे सुजतात, माप संध्याकाळीच बघावं), ट्रेकचे जाड मोजे घालून गेलो आणि एक नंबर मोठा घेतला. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट ठेवला तर ४८० ग्रॅम. बायकोने काटा दोनदा धुतला.

आता मुद्दा असा की हे बूट डोंगरापेक्षा जास्त रस्त्यावर झिजले. मी पुण्यात धायरीहून बाणेरला ऑफिसला बाईकने जातो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, त्यात जी काय क्लच-गिअरची कवायत होते ती होते. गिअरखाली बोट घालून घालून डाव्या बुटाच्या नाकावर बोटभर रुंदीचा पट्टा दोन महिन्यांत पांढरा पडला. पुढची रबरी टोपी अर्धा इंच वर घेतली असती तर हे झालं नसतं. बूट डिझाईन करणारा माणूस बहुतेक कारने जात असावा.

वॉटरप्रूफ? हो आणि नाही. डबक्यात पाय पडला तर आत थेंब येत नाही, हे खरं. पण पुण्याचा पाऊस खालून येत नाही. बाईकवर पँटवरून ओघळलेलं पाणी मोज्यात उतरतं, मोजा ते वातीसारखं आत ओढतो, आणि बाहेरून आत न येऊ देणारं अस्तर आतून बाहेरही जाऊ देत नाही. मग बूट नाही, तांब्या होतो. जुलैत खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचे मेसेज येत होते, त्या आठवड्यात माझे बूट सलग पाच दिवस ओले होते. आतला तळवा काढून, जुन्या पेपरचे बोळे कोंबून, दर तीन-चार तासांनी ते बदलून पंख्याखाली ठेवले की दीड दिवसात वाळतात. हा सरळ मार्ग. मला सोमवारी घाई होती म्हणून मी हेअर ड्रायर मारला. दोनदा. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सिंहगड मात्र या बुटांनी छान सांभाळला. पायथ्याला पीएमपीची ५० नंबर बस, तिथून आतकरवाडीची वाट, वर दही आणि कांदाभजी, हा आमचा महिन्यातून दोनदा ठरलेला रविवार. कोरड्या दगडावर, मातीवर पकड उत्तम. शेवाळलेल्या ओल्या कातळावर पकड नाही, पण तिथे कुठल्याच रबराची नसते, त्यामुळे तो गुण कापत नाही. एकदा उतरताना अंगठ्याचं नख काळं पडलं. त्यात बुटाचा दोष नव्हता, लेस ढिली होती. घोट्यापाशी लेस एकदा जास्तीची आवळून टाच मागे दाबून बसवली की बोटं पुढे आपटत नाहीत. हे मला नख गेल्यावर कळलं.

नोव्हेंबरात राजगड ठरला. मी, मेहुणा आणि आठवीतली लेक. शनिवारी दुपारी निघालो, चेलाडी फाट्याला वळलो, मार्गासनीवरून साखरमार्गे गुंजवण्यात. मुक्काम पायथ्यालाच एका घरी. पिठलं, तांदळाची भाकरी आणि असा ठेचा की मेहुण्याने पाणी मागितलं नाही, सरळ भातच मागितला. पहाटे सहाला चढायला सुरुवात, अडीच तासांत रेलिंग धरधरून चोर दरवाज्यातून पद्मावती माचीवर. जुलैत राजगड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी वाढलीय असं मला तरी वाटलं. बालेकिल्ल्याच्या चढावर रांग होती, म्हणून आम्ही तो सोडून सुवेळा माचीकडे गेलो. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या मोठ्या भोकात, बसून संत्री खाल्ली. आरपार असा वारा येतो तिथे की लेकीची टोपी दोनदा गेली, दोनदा परत आणली.

तिथेच पहिल्यांदा दिसलं. उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला होता. फार नाही, करंगळी जाईल इतका. बुटाने जांभई दिल्यासारखं. मेहुणा म्हणाला, "दाजी, उतरेपर्यंत टिकतंय." मीही मान डोलावली. वास्तविक तिथेच, सपाट जागेवर, निवांत बसून बांधायला हवं होतं.

चोर दरवाजा उतरून रेलिंग संपतं, त्याच्या खाली घसारा लागतो. नोव्हेंबरात गवत वाळलेलं, त्याच्याखाली मुरूम, दोन्ही मिळून पाय धरत नाहीत. एका मुळीत उजव्या बुटाचा उघडा जबडा अडकला, सगळा भार डाव्या पायावर आला आणि डावा घोटा आत वळला. आवाज आला नाही. पण पोटात एकदम गार पडतं ना, तसं झालं. खाली बसलो. मागून येणारे चार जण "काका, बरे आहात ना?" विचारून गेले. घोट्यापेक्षा ते 'काका' जास्त लागलं.

बॅगेत क्रेप बँडेज एकच होतं आणि दावेदार दोन. लेकीने बँडेज हातात घेऊन शांतपणे विचारलं, "बाबा, बुटाला की पायाला?" मेहुण्याचं मत बुटाला, कारण पाय आपोआप बरा होतो! मी माझ्या पायाच्या बाजूने मत दिलं. बूट काढला, बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत आठच्या आकड्यात बँडेज गुंडाळलं आणि पाय पुन्हा बुटात घालायला गेलो तर जाईना. सगळी लेस काढून जीभ पूर्ण बाहेर ओढावी लागली. त्या क्षणी एक नंबर मोठा घेतल्याचं सार्थक झालं.

सोलसाठी चिकटपट्टी नव्हती. तेवढ्यात ताक विकणाऱ्या मावशी कॅन घेऊन वर येताना भेटल्या. त्यांनी पाण्याच्या बाटल्यांच्या पोत्याची सुतळी सोडली आणि मला दिली. मी बुटाच्या नाकावरून गरागरा गुंडाळायला लागलो तर म्हणाल्या, "असं नका बांधू दादा, दगडावं घासून लगीच तुटंल. त्या खाचंत बसवा की." सोलखाली जे रबराचे दात असतात त्यांच्यामधल्या खाचेत सुतळी बसवायची, म्हणजे जमिनीला दात लागतात आणि सुतळी मध्ये सुरक्षित राहते. दर खाचेत एक वेढा, वर लेसच्या हुकात गाठ. साडेतीन हजारांच्या बुटाच्या खोल दातांचा मला झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग. सुतळीचे पैसे घेतले नाहीत त्यांनी, म्हणून तिघांनी मिळून पाच ग्लास ताक प्यायलो. गुंजवण्यापर्यंत एकदाच पुन्हा बांधावं लागलं. उतरायला मात्र चार तास गेले.

बुटाच्या उंच कॉलरबद्दलही सांगतो, कारण "घोट्याला आधार" म्हणून त्याचेच पैसे घेतात. मुरगळायचं ते मुरगळलंच, कॉलरने अडवलं नाही. पण मुरगळल्यावर उतरताना तो कॉलर पट्ट्यासारखा धरून राहिला. साध्या बुटात मी चाललो नसतो.

घरी आल्यावर आई आंबेहळदीचा गरम लेप घेऊन तयार. मी म्हटलं, आधी बर्फ. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने दाबून पाहिली, चार पावलं चालायला लावली आणि म्हणाले, एक्स-रेची गरज नाही. फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ, पाय उशीवर, बँडेज. दोन दिवसांनी आईला तिचा लेप लावू दिला, घरातलं राजकारणही सांभाळावं लागतं. खरी पंचाईत वेगळीच झाली. बाईकचा गिअर डाव्या पायात! पंधरा दिवस बायकोची अ‍ॅक्टिव्हा घेऊन बाणेरला गेलो आणि ती रिक्षाने. त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दात घासताना डाव्या पायावर उभं राहायचा व्यायाम दिला होता, तो मी अजून करतो.

आता कंपनी. वॉरंटी सहा महिन्यांची, ती संपून अकरा दिवस झालेले. तरी फोटोंसकट मेल टाकला. उत्तर सभ्य होतं: बूट उष्णतेजवळ वाळवले होते का? मी हेअर ड्रायरचा विषय टाळून "नैसर्गिकरीत्या वाळवले" असं लिहिलं. त्यांनी पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. गोंदाला उष्णता चालत नाही हे मला आता पाठ आहे, म्हणजे थोडा हात माझाही. पण सोल नुसत्या गोंदावर ठेवून त्याला डोंगराचे बूट म्हणून विकायचं, यात त्यांचाही आहेच.

शेवटी सिंहगड रोडला एका बँकेच्या पायऱ्यांशेजारी बसणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी बूट उलटा धरला, सोल आणखी उघडला आणि रापीने जुना गोंद पापुद्र्यासारखा सोलून काढला. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरखरीत केल्या, दोन्हीकडे फेविबॉन्ड लावलं आणि ठेवून दिलं. मी म्हटलं, चिकटवा की. म्हणाले, "थांबा. बोटाला चिकटायचं बंद झालं की मग दाबायचं. ओल्यात दाबलं की परत येताल." दहा मिनिटांनी दाबलं, हातोडीने ठोकलं, आणि मग आरीने कडेकडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई घेतली. डाव्या बुटाचा सोल अजून सुटला नव्हता, तरी त्यालाही मारून घेतली. दोन्हींचे मिळून १८० रुपये. मी विचारलं, कंपनी अशी शिलाई का घालत नाही? "शिलाई दिसली की गिऱ्हाईकाला बूट जुना वाटतो," एवढंच म्हणाले आणि पुढची चप्पल घेतली.

शिलाईच्या भोकांतून आता पाणी येतं. वॉटरप्रूफपणा संपला, तो तसाही नावालाच होता, उलट आता बूट लवकर वाळतात. डिसेंबरपासून सिंहगड तीनदा झाला, सोल जागचा हललेला नाही. टाचेची बाहेरची कड झिजत आलीय, आतला तळवा चपटा झाला म्हणून अडीचशेचा नवा टाकला. हाच बूट परत घ्याल का, असं कुणी विचारलं तर घेईन, पण दुकानातून घरी न येता थेट काकांकडे जाईन. कूपन मेहुण्याला दिलं.

काकांकडचा काळा दोरा उजव्या बुटावरच संपला होता, त्यामुळे डाव्याला पिवळी शिलाई आहे. ऑफिसात एकाने हे कुठलं मॉडेल म्हणून विचारलं. सुतळी धुऊन बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलीय, आणि क्रेप बँडेज आता दोन असतात.