गणपतीपुळे की कसब्याचा कर्णेश्वर?
जुनं देऊळ निवांत बघायचं असेल तर मी संगमेश्वरजवळचं कसबाच सांगेन. गणपतीपुळ्यात गाडीतून उतरायच्या आत ‘रूम बघायची का दादा?’ सुरू होतं, किनाऱ्यावर घोडेवाले-उंटवाले. ‘नको हो’ म्हणावं आणि चालत राहावं. थांबलात की संपलं. पहाटे गेलात तर मात्र डोंगराची किलोमीटरभर प्रदक्षिणा समुद्राची गाज ऐकत होते, ते सुख वेगळंच.

कसब्यात कुणी मागे लागत नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते हेच गाव, त्यामुळे पाय आपोआप जड होतात. कर्णेश्वराच्या काळ्या दगडी खांबांवरची नक्षी अगदी जवळून बघा. मग छताखाली मान वर करून उभे राहा. मी अर्धा तास तसाच उभा होतो.